संसारात बायपोलर: आजार कुठला, भांडण कुठलं

घरात भांडणं वाढली की त्यामागे आजार असेल, असं चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. नवरा तीन रात्री धड झोपलेला नाही, तरी सकाळी ताजातवाना. चालू दुकान सोडून दुसऱ्याच धंद्याला इसार देऊन आलाय, आणि बायकोनं विचारलं तर "तुला व्यवहारातलं काय कळतंय?" म्हणून अंगावर येतो. दोन महिन्यांनी तोच माणूस अंथरुणातून उठत नाही, गिऱ्हाइकाचा फोन घेत नाही, चार-चार दिवस आंघोळ करत नाही. पहिल्या वेळी घरचे म्हणतात "माज आलाय", दुसऱ्या वेळी "आळस भरलाय". आजारी माणूस सून असेल तर "नांदायचं नाही म्हणून नाटकं". कुणीतरी "बाहेरचं असेल" म्हणून देवऋषाचं नाव सुचवतं. या सगळ्यात वर्षं जातात, सोनं गहाण पडतं, आणि माहेर-सासरच्या बैठका सुरू होतात.

अशा कित्येक घरांत मूळ दुखणं बायपोलर डिसऑर्डर असतं. मराठीत द्विध्रुवीय विकार. जुन्या चिठ्ठ्यांवर डॉक्टर 'एमडीपी' लिहायचे, आता 'बीपीएडी' लिहितात. बेंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये हा आजार आयुष्यात कधीतरी होण्याचं प्रमाण ०.५ टक्के आढळलं, म्हणजे दोनशे माणसांमागे एक. पाहणी १२ राज्यांत झाली. मध्य प्रदेश आणि गुजरात त्यात होते. महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा नव्हते. याच पाहणीनुसार या आजाराच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते.

चढ, उतार आणि मधला काळ

आजाराला दोन टोकं. चढाच्या काळाला उन्माद किंवा मेनिया म्हणतात: झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं थांबत नाही, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या, मोठमोठे बेत, बेफाम खर्च, अनोळखी माणसांशी एकदम सलगी, कधी लैंगिक वागण्यातला ताल सुटणं. मेनिया म्हणजे आनंद, असा समज आहे. घरच्यांना मात्र आनंदापेक्षा चिडचिड आणि संशयच जास्त दिसतो. हे किमान आठवडाभर टिकलं किंवा दवाखान्यात भरती करण्याइतकं वाढलं तर डॉक्टर त्याला मेनिया धरतात. त्याच्या सौम्य रूपाला हायपोमेनिया म्हणतात, आणि ते चार दिवसांचंही असू शकतं. उताराच्या काळात, किमान दोन आठवडे, उदासी, थकवा, अपराधीपणा, मरणाचे विचार.

आणि मधे बराच काळ माणूस ठीक असतो, हे विसरलं जातं. नोकरी करतो, मुलांचा अभ्यास घेतो, लग्नकार्यात पुढं असतो. म्हणूनच नातेवाइकांना आजार पटत नाही.

बऱ्याच जणांचा आजार उदासीपासून सुरू होतो. मग साध्या नैराश्याचं औषध मिळतं. बायपोलरमध्ये नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर काही रुग्ण उलट मेनियात जातात. त्यामुळे डॉक्टरांकडं जाताना "सध्या उदास आहे" एवढं सांगून भागत नाही. पूर्वी कधी झोप न घेता आठ-दहा दिवस भरारी मारल्यासारखं झालं होतं का, हे सांगावं लागतं. रुग्णाला स्वतःला तो काळ आजाराचा वाटतच नाही, उलट सगळ्यात चांगला वाटतो. ही माहिती जोडीदाराकडूनच मिळते.

"हा आजार की स्वभाव?"

नवरा-बायकोतला सगळ्यात कठीण प्रश्न हाच. उत्तर दोन्ही बाजूंनी चुकतं. एका बाजूला आजार दिसत असून सगळं स्वभावावर टाकलं जातं. दुसऱ्या बाजूला, एकदा निदान झालं की आजारी माणसाचा प्रत्येक राग, प्रत्येक हट्ट आजाराच्या खात्यावर जमा होतो. सासूशी खरोखर पटत नसलं, नवरा खरोखर घरात पैसे देत नसला, तरी बायको बोलली की उत्तर ठरलेलं: "आज गोळी चुकली वाटतं." हे वाक्य ज्या घरात रोज बोललं जातं तिथं गोळीच शत्रू होऊन बसते.

फरक ओळखायची थोडी व्यवहारी खूण अशी: एकट्या रागावरून काही ठरवू नये; रागाबरोबर झोप, बोलण्याचा वेग, खर्च, खाणं हेही बदललंय का ते बघावं. तीन-चार गोष्टी एकदम आणि काही दिवसांत बदलल्या असतील तर आजाराची शंका रास्त. झोप नेहमीची, काम नेहमीचं आणि राग फक्त एकाच विषयावर येत असेल, तर तो विषय बोलून सोडवायचा आहे. डॉक्टर त्यात काही करू शकत नाही.

घरातल्या वातावरणाचा आजारावर परिणाम होतो, याचा अभ्यास जुना आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सतत टीका, वैर आणि गरजेपेक्षा जास्त गुंतून राहणं या गोष्टी मोजल्या. आधी स्किझोफ्रेनियात आणि पुढं बायपोलरमध्येही दिसलं, की अशा घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. तिसरी गोष्ट आपल्याकडं प्रेम म्हणूनच खपते. नवऱ्याला एकटं बाहेर सोडायचं नाही, दर तासाला फोन, जेवणाचा घास मोजायचा. बायकोचा जीव त्यात जातो आणि नवऱ्याला घर म्हणजे वॉर्ड वाटायला लागतं.

यावर अमेरिकेत डेव्हिड मिकलोविट्झ यांनी कुटुंबासाठी उपचारपद्धत बसवली. साधारण नऊ महिन्यांत २१ बैठका: आधी आजाराची माहिती, मग एकमेकांशी बोलायचं कसं याचा सराव, मग घरातले अडलेले प्रश्न एकेक करून सोडवणं. औषधाला जोड म्हणून याचा उपयोग होतो, असं चाचण्यांत दिसलं. आपल्याकडं एवढ्या बैठका घेणारे समुपदेशक मोठ्या शहरांतही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण त्यातली एक गोष्ट घरी करता येते: "तू नेहमी असाच वागतोस" याऐवजी "काल रात्री तू दोन वाजता फोनवर जोरात बोलत होतास, पोरं उठली" असं एकच घडलेलं सांगायचं. आणि माणूस मेनियाच्या भरात असताना वाद घालायचा नाही. त्या वेळी तर्क जिंकून काही मिळत नाही. आवाज खाली ठेवून डॉक्टरांना फोन करणं एवढंच काम असतं.

गोळ्यांचं राजकारण

बायपोलरचं सगळ्यात जुनं आणि अजूनही भरवशाचं औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा मेनियावरचा उपयोग मांडला. किंमत फारशी नाही, आत्महत्येचा धोका कमी करण्याबद्दल त्याचा पुरावा चांगला आहे. पण लक्ष ठेवावं लागतं. रक्तातली पातळी सहसा लिटरमागे ०.६ ते १ मिलिमोल ठेवतात. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी साधारण सहा महिन्यांनी.

शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम रक्तात साठतं. म्हणून निर्जळी उपवास, रोजे, उन्हाळ्यात रानातलं काम, जुलाब-उलट्या, किंवा कुणीतरी सांगितलं म्हणून एकदम मीठ बंद करणं, या सगळ्यांत डॉक्टरांना आधी विचारायचं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी आणि बीपीची काही औषधंही पातळी वाढवतात. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, गुंगी ही विषबाधेची लक्षणं. तेव्हा गोळी थांबवून थेट दवाखाना गाठायचा.

इतर वेळी मात्र "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नये. आजार उलटतो तो बहुतेक वेळा इथूनच. बंद करण्यामागं कारणं खरी असतात: वजन वाढतं, सुस्ती येते, हात कापतात, शरीरसंबंधात अडचण येते. हे शेवटचं कारण नवरा डॉक्टरांना सांगत नाही, बायको कुणालाच सांगत नाही, आणि दोघांत अंतर पडत जातं. खरं तर डोस किंवा औषध बदलून बऱ्याचदा मार्ग निघतो. विचारायला लाजू नये, हे लिहायला सोपं आहे. पण आई-वडील, दीर, सगळे तपासणीच्या खोलीत घुसलेले असताना कोण विचारणार? डॉक्टरांना दोघांपुरती पाच मिनिटं मागून घ्यावीत.

गोळी कोण देणार हे आजारी माणसानं स्वतः ठरवलेलं बरं. आठवड्याच्या खणांची डबी आणली की रोज विचारावं लागत नाही. खण रिकामा आहे की नाही ते दिसतं.

झोप आणि पैसा

झोप मोडणं हे मेनियाचं लक्षण आहे तसंच कारणही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतली रात्रपाळी, गणपती विसर्जनाची रात्र, लग्नघरातलं जागरण, लांबचा रात्रीचा प्रवास, यांनंतर आजार डोकं वर काढताना दिसतो. सण सोडायचे नाहीत. पण आरती करून अकराला घरी परतणं जमतं. रात्रपाळी टाळण्यासाठी डॉक्टरांचं पत्र मिळू शकतं. नातेवाइकांनी "एक दिवसानं काय होतंय" हे बोलणं बंद केलं तर निम्मं काम होईल.

पैशाचं नुकसान मात्र नात्यावर सगळ्यात खोल ओरखडा काढतं. पूर्वी जमीन विकायला वेळ लागायचा, माणसं मधे पडायची. आता कर्जाचं ॲप आणि यूपीआय रात्री तीनलाही चालू. माणूस बरा असताना दोघांनी मिळून खात्याची रोजची मर्यादा कमी करून घ्यावी, क्रेडिट कार्ड नको तर बंद करावं, मोठी ठेव दोघांच्या सहीनंच मोडेल अशी ठेवावी. १८७२ च्या करार कायद्यानुसार भान हरपलेल्या स्थितीत केलेला करार टिकत नाही. पण त्या तारखेला माणूस त्या स्थितीत होता हे सिद्ध करावं लागतं, आणि त्या दिवसांची डॉक्टरांची नोंद नसेल तर ते फार अवघड जातं. गोव्यात परिस्थिती थोडी वेगळी: तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरतात, स्थावर विकायला दोघांच्या सह्या लागतात. कर्नाटकात किंवा महाराष्ट्रात नवऱ्यानं स्वकमाईची, स्वतःच्या नावावरची जमीन विकली तर बायकोला कळतंसुद्धा उशिरा.

बरं असताना लिहून ठेवायचं

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यात आजारी माणसासाठी एक मोठी सोय आहे जी फार कमी जणांना ठाऊक: आगाऊ निर्देश. आपली निर्णयक्षमता गेली तर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, हे माणूस शुद्धीत असताना लेखी देऊ शकतो. आणि आपल्या वतीनं निर्णय घेणारा प्रतिनिधी नेमू शकतो. तो प्रतिनिधी नवरा किंवा बायकोच असला पाहिजे असं नाही. बहीण, मित्र, मामा, कुणीही सज्ञान व्यक्ती चालते. तणावाच्या संसारात हे महत्त्वाचं. जोडीदाराला याचा राग येतो, पण भरती करण्याचा निर्णय दुसऱ्यानं घेतल्यानं "तूच मला आत टाकलंस" हा आरोप तरी वाचतो. तातडीच्या उपचारांना आगाऊ निर्देश आड येत नाही.

सरकारी कागदाबरोबर घरचाही एक कागद करावा. चढ सुरू होतो तेव्हा पहिल्यांदा काय बदलतं? प्रत्येकाचं वेगळं असतं: कुणी पहाटे चारला घर आवरायला काढतं, कुणी जुन्या मित्रांना फोन लावतं, कुणी कपडे भडक घालतं. अशा तीन खुणा, डॉक्टरांचा नंबर, गाडीची किल्ली आणि एटीएम कार्ड कुणाकडं द्यायचं, मुलांना कुणाकडं पाठवायचं. एक पान पुरे. लिहिणारा हात आजारी माणसाचा असावा.

बाळंतपण माहेरी, फाईल सासरी

बायपोलर असलेल्या बाईसाठी बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे. आजार उलटू शकतो, कधी बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेतेल इतका. त्यात आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सासर बेळगावला, माहेर कोल्हापूरला किंवा सांगलीला; राज्य बदललं, डॉक्टर बदलला, आणि माहेरच्या डॉक्टरांना आजार माहीतच नाही, कारण सांगितलं तर "आधीपासूनच होतं" हे उघड होईल ही भीती. हे लपवणं महागात पडतं. दिवस राहण्याच्या आधीच मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोलणं झालं पाहिजे. व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात गर्भाला गंभीर व्यंग आणि मुलाच्या वाढीत अडचणी आणू शकतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते चालू असेल तर पर्याय विचारावा. पण दिवस राहिले म्हणून घाबरून सगळ्याच गोळ्या एका रात्रीत बंद करणंही तितकंच धोक्याचं. बाळंतिणीची रात्रीची झोप हा इथं उपचार आहे: बाळाचं रात्रीचं एखादं दूध आजीनं किंवा नवऱ्यानं बाटलीनं पाजलं तर घराण्याची अब्रू जात नाही.

मुलाला होईल का, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. आई किंवा वडिलांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के धरतात. म्हणजे बहुतेक मुलांना होत नाही.

"लग्न करून द्या, बरा होईल" हा सल्ला अजून बंद झालेला नाही. लग्नानं आजार जात नाही, उलट जागरण, नवं घर आणि लपवून घेतलेल्या गोळ्या यांनी वाढू शकतो.

कोर्टात काय टिकतं

वेडाचं सर्टिफिकेट मिळालं की सोडचिठ्ठी, हा समज चुकीचा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे, पण तो विकार असा आणि इतका असला पाहिजे, की दुसऱ्यानं त्याच्याबरोबर राहावं अशी अपेक्षा करणंच रास्त ठरू नये. नुसतं निदान पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये स्पष्ट केलं. गोळ्या घेऊन माणूस काम करतोय, घर चालवतोय, तर या कारणावर घटस्फोट मिळणं कठीण. लग्नाआधी आजार लपवून फसवणूक झाली म्हणून लग्न रद्द करायचं असेल, तर फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो आणि कळल्यानंतर राजीखुशीनं एकत्र नांदलेलं चालत नाही. गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू नाही. तिथं १९१० चा घटस्फोटाचा कायदा चालतो, त्यामुळे मडगावच्या भावजयीला निपाणीच्या वकिलाचा सल्ला उपयोगी पडेलच असं नाही.

कोर्टासाठी कागद जमवायला म्हणून सुनेला डॉक्टरांकडं नेण्याचे प्रकारही होतात. २०१७ च्या कायद्यानं रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचं बंधन घातलंय, आणि न्यायालयात मानसिक आजाराचा पुरावा दिला गेला व समोरच्यानं त्याला हरकत घेतली तर तो प्रश्न मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडं पाठवायचा असतो.

आणि मारहाण. आजारात झाली तरी ती मारहाणच. बायकोनं सहन करावी असं कुठलाही उपचार सांगत नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं संरक्षण तिला मिळतं. काही दिवस वेगळं राहणं म्हणजे नातं तोडणं नव्हे. पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१. बाई आजारी पडली की तिला माहेरी पोहोचवतात आणि पुरुष आजारी पडला की बायकोनं सेवा करायची, हा न्याय मात्र तिन्ही राज्यांत एकसारखा दिसतो.

जिवाचा धोका

उदासीत, आणि चढ-उतार एकत्र असलेल्या मिश्र अवस्थेत, आत्महत्येचा धोका जास्त. "मी गेलो की सुटाल सगळे" हे वाक्य भांडणातलं म्हणून सोडून देऊ नये. सरळ विचारावं, "मरायचे विचार येतायत का?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही. कीटकनाशक घराबाहेर कुलपात, गोळ्यांचा मोठा साठा दुसऱ्याच्या ताब्यात, माणूस एकटा नको, आणि त्याच दिवशी डॉक्टर. प्रयत्न झालाच तर पोलीस केसच्या भीतीनं दवाखाना टाळू नये: २०१७ च्या कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं असतं आणि तिला शिक्षा करायची नसते.

कुठं जायचं, कुठल्या भाषेत

बेळगावकरांना जवळचं मोठं सरकारी ठिकाण धारवाडची डिमहान्स. गोव्यात बांबोळीची मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था, इंदूरला बाणगंगेचं मानसिक रुग्णालय, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा, वडोदऱ्यात कारेलीबागेतलं मानसिक आरोग्य रुग्णालय, हैदराबादला एर्रागड्डा. कोकणपट्टीला रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. याशिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ असतो. हा देशभराचा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला तो कर्नाटकातल्याच बळ्ळारीच्या प्रयोगावरून.

भाषेची अडचण इथं साधी नाही. छातीत दुखतंय हे हातानं दाखवता येतं. विचार धावतायत, कुणीतरी आपल्याला निवडलंय असं वाटतंय, हे मोडक्या कन्नडमध्ये किंवा तेलुगूत सांगता येत नाही. दुभाषा म्हणून नवऱ्यालाच बसवलं तर बायको नवऱ्याविषयी काय बोलणार? शक्य असेल तर दुभाषा घराबाहेरचा घ्यावा, दवाखान्यातली मराठी येणारी नर्स किंवा समाजसेविका. नसेल तर गेल्या सहा महिन्यांत काय काय झालं ते तारखांसह आधी मराठीत लिहून, कुणाकडून तरी भाषांतर करून न्यावं. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मोफत दूरध्वनी सेवेत २० भाषांत बोलता येतं. नंबर १४४१६, दिवसरात्र चालू, ऑक्टोबर २०२२ पासून.

राज्य ओलांडून उपचार घेताना फाईल सोबत हवी: निदान, आतापर्यंतची औषधं आणि डोस, कुठलं चाललं नाही आणि का, लिथियम आणि थायरॉइडचे शेवटचे रिपोर्ट, भरती झाल्याच्या तारखा. औषधांची नावं कंपनीच्या नावानं न लिहिता मूळ नावानं लिहून घ्यावीत, कारण गडहिंग्लजच्या मेडिकलमधला ब्रँड खानापुरात मिळतोच असं नाही. फाईलचे फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असावेत.